घाट चढणारी गाडी आणि तिची तहान



वसंतऋतूतील या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर बोलले जाते, नाट्यसंगीतावर बोलले जाते, राज्याच्या अंदाजपत्रकावरही बोलले जाते. मोटारीच्या रेडिएटरवर बोलण्यास कोणी उभे राहिल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. चालकांनी 'यंत्र आणि मानव' असा भारदस्त मथळा सुचविला होता. आम्ही कळविले की मानवाविषयी अधिकाराने बोलणारे पुष्कळ आहेत, आम्हांला एका गाडीविषयी थोडेसे कळते, तेवढेच बोलू द्या. ते त्यांनी मान्य केले, याबद्दल त्यांचे आभार.

'आम्ही' म्हणतो तेव्हा हा संपादकी 'आम्ही' नव्हे. आम्ही खरोखरच तिघे आहोत. एक शाळामास्तर, एक लेथवर काम करणारा टर्नर आणि एक रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेला. खर्डी आणि कसारा यांच्यामध्ये उंबरमाळी नावाचे जे लहानसे स्टेशन लागते, त्याच्या जवळ आमची पत्र्याची शेड आहे. गाडीत डुलकी लागलेल्या प्रवाशाला हे स्टेशन दिसत नाही, आणि जागा असलेल्यालाही फारसे काही दिसते असे नाही. पण हौशी यंत्रवेड्याला याहून चांगली जागा मिळणार नाही. कारण येथून थोड्याच अंतरावर थळघाट सुरू होतो. रेल्वेचा चढ तेथे ३७ फुटांना १ फूट आहे. माणसांनी भरलेली बस असो की कोळशाने भरलेली वाघीण असो, तिच्या अंगातली खरी ताकद आणि खरी खोट घाटात कळते. सपाटीवर सगळीच इंजिने गुणी असतात.

रेल्वेने या चढावर एक सोपी युक्ती केली. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लावायची आणि गाडी वर ढकलायची. त्यांना बँकर म्हणतात. आमच्यातील निवृत्त गृहस्थांनी आयुष्यभर हे बँकर लागताना आणि सुटताना पाहिले. टर्बो म्हणजे काय, हे आम्हां दोघांना त्यांनीच समजावून सांगितले. "बाबांनो, तो इंजिनाच्या तोंडात हवा ढकलणारा बँकर आहे, एवढेच." पाठ्यपुस्तकात याहून बरी व्याख्या आम्हांला सापडलेली नाही.

इंजिन जितकी हवा ओढील तितकेच पेट्रोल जाळू शकते. स्वतःच्या ओढीने ते ठरावीक हवाच घेते. इकडे सायलेन्सरमधून धगधगता धूर फुकट बाहेर जात असतो. त्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवायचे, त्याच आसावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवायचे, आणि त्याने ताजी हवा दाबून इंजिनात कोंबायची. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. पुढे १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर, ४,३०० मीटर उंचीवर नेऊन चालविले. तेथे हवा विरळ, म्हणून साधे इंजिन बरेच दमते. टर्बो लावताच त्याने समुद्रसपाटीइतकीच, किंबहुना किंचित अधिकच शक्ती दिली. प्रयोगशाळेत बसून जमत नाही ते पाहण्यासाठी डोंगर चढावा लागतो, ही गोष्ट आम्हां उंबरमाळीकरांना तेव्हापासून फार आवडते.

आता या चक्राची गती ऐका. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे. पेट्रोल गाडीत त्याच्या एका बाजूला नऊशे अंशांपर्यंत तापलेला धूर, आणि अगदी जवळच दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. मधला आस तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत असतो. घाट चढून वर आल्याबरोबर चावी फिरवून इंजिन बंद केले, तर तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या लोखंडावर उरलेले तेल करपते. कढईतली फोडणी करपते तसेच. म्हणून वर पोहोचल्यावर दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवावे. आमच्या गाडीत बसलेले पाहुणे याला पेट्रोलचा अपव्यय म्हणतात. म्हणोत बापडे.

परंतु आमची कथा तेलाची नाही, पाण्याची आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी पेट्रोल टर्बो गाडी घेतली. पैसे तिघांत वाटले. सुटे भाग कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून हिंडून हिंडून आणले. पहिला मोह झाला तो सगळ्यांनाच होतो. शक्ती वाढवावी! टर्बोचा दाब एका मर्यादेवर गेला की वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि जादा धूर चक्राला वळसा घालून जातो. ती झडप उशिरा उघडेल अशी व्यवस्था केली की दाब वाढतो. आमच्या टर्नरला हे काम म्हणजे तासाभराचा खेळ. सपाटीवर, पहाटेच्या गारव्यात गाडी अशी पळाली की आम्ही तिघेही लहान मुलांसारखे हसत होतो. मग आम्ही ती मे महिन्यातल्या दुपारी घाटाकडे नेली.

कसारा सोडून थोडे वर गेलो. पुढे मालाने भरलेल्या ट्रकांची रांग. वेग माणसाच्या धावण्याएवढा. काटा मध्यावरून उजवीकडे सरकू लागला. गाडीत खडखड असा आवाज येऊ लागला आणि शक्ती वाढण्याऐवजी उलट गळाली. मग बॉनेटच्या फटीतून वाफ. गाडी कडेला घेतली. आमच्यातल्या एकाने, तो कोण हे सांगत नाही पण त्याच्या उजव्या हातावर अजून डाग आहे, फडके धरून रेडिएटरचे झाकण उघडले. झाकण दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी १०० अंशांना न उकळता १२० अंशांच्या पुढे उकळते. झाकण उघडले की दाब जातो आणि ते सारे पाणी एका क्षणात वाफ होऊ पाहते. पुढचे सांगायला नको.

रस्त्याच्या खाली एक पाडा होता. आम्ही पाणी मागायला उतरलो. एक आजी डोक्यावरून हंडा उतरवीत होत्या. श्रोतेहो, आपण शहापूर तालुक्याचे किंवा शेजारचे. आपणांस सांगायला नको की मे महिन्यात हंडा म्हणजे काय असतो. १८९२ साली तानसाचे धरण झाले, १९५७ साली मोडकसागर झाला, पुढे भातसा झाले. मुंबईच्या नळांना याच डोंगरांतून पाणी जाते, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आजींनी काही विचारले नाही. कळशी भरून दिली. वर म्हणाल्या, "हाताला आधी लाव."

आम्ही थोडे हातावर ओतले आणि बाकीचे घाईघाईने तापलेल्या इंजिनात. ही आमची दुसरी चूक. तापलेल्या धातूवर गार पाणी ओतले की तो वाकतो. इंजिन निवेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबावे लागते, आणि मग पाणी हळूहळू घालावे लागते. आमच्या गाडीचे हेड गॅस्केट आधीच गेले होते, ते आता पुरते गेले. आजींची कळशी सायलेन्सरमधून, बोल्टांच्या फटींतून, तापलेल्या डांबरावर गळून गेली. त्या वरच्या अंगाला उभ्या राहून पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

गाडी टोचन करून उंबरमाळीला आणली. पुढचे वर्षभर आम्ही एकच प्रश्न विचारीत होतो: ही उष्णता येते कोठून आणि तिला जायचे कोठे?

पेट्रोलातल्या उष्णतेचा स्थूलमानाने एक तृतीयांश भाग प्रत्यक्ष कामी येतो. एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि एक तृतीयांशाच्या आसपास थंड करणाऱ्या पाण्यात उतरतो. शंभर अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोराने चालले म्हणजे आपल्या न्हाणीघरातले तीसएक गीझर एकदम चालू केल्यासारखे आहे, आणि ती सारी ऊब वर्तमानपत्राच्या पानाएवढ्या रेडिएटरमधून हवेत सोडायची आहे. सपाटीवर वाऱ्याचा झोत मिळतो. घाटात इंजिन राबते जास्त आणि वारा मिळतो कमी.

ही झाली पाण्याची बाजू. हवेची बाजू निराळी, आणि ती आम्हांला उशिरा उमजली. सायकलीच्या पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. टर्बो हेच करतो. बाहेर ४० अंशांचा उन्हाळा असताना हवा १.७ पट दाबली, तर ती ११० अंशांच्या वर जाते. आमच्या हौसेप्रमाणे दुप्पट दाबली, तर १४० च्या घरात. तापलेली हवा विरळ. म्हणजे दाब वाढवून जे कमावले त्यातले बरेचसे उष्णतेने परत नेले. शिवाय इतक्या गरम हवेत पेट्रोलचे उरलेले मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता आपले आपणच भडकते. तीच ती खडखड. आजची इंजिने शहाणी असतात. खडखड ऐकून ती ठिणगी उशिरा पाडतात. त्याने इंजिन वाचते, पण शक्ती घटते आणि धूर अधिक तापतो. आम्ही दाब वाढविला आणि त्यामुळेच घाटात गाडी मंदावली व तापली, या गोष्टीवर आमचा टर्नर आठ दिवस विश्वास ठेवायला तयार नव्हता. शेवटी वहीत आकडे मांडून पाहिले तेव्हा गप्प बसला.

यावरचा उपाय म्हणजे इंटरकूलर, हवेचाच रेडिएटर. ११३ अंशांची हवा त्यातून जाऊन ६०-६५ अंशांवर आली की घनता पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढते. दाब न वाढविता मिळालेली ही कमाई. आम्ही उत्साहाने एक भलामोठा इंटरकूलर आणून गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसविला. हवा गार झाली, आणि पाणी पुन्हा तापू लागले! कारण उघड होते. रेडिएटरला आता इंटरकूलरचा उच्छ्वास मिळत होता. त्याच्याही पुढे वातानुकूलनाची जाळी. एका दारात तिघे उभे राहिले तर आत कोणालाच वारा लागत नाही.

मेकॅनिकांचे सल्ले याच सुमारास पुष्कळ मिळाले. एकाने सांगितले, थर्मोस्टॅट काढून फेका, गाडी हीट मारणारच नाही. हा सल्ला आपल्याकडे गावोगाव ऐकू येतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. थर्मोस्टॅट ही इंजिन योग्य उष्णतेला येईपर्यंत पाणी अडविणारी झडप आहे. ती अडकली असेल तर जरूर बदलावी. पण काढून टाकली की इंजिन सकाळी नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पिते, आणि काही गाड्यांत पाण्याचा मार्गच बिघडतो. आजार लपतो, बरा होत नाही. दुसऱ्याने सांगितले, घाटात हीटर लावा. हा मात्र खरा उपाय आहे! हीटर म्हणजे दुसरा लहान रेडिएटरच. मे महिन्यात हीटर लावून बसलेले तिघे पाहून शेजारच्या गाडीतील मंडळींना काय वाटले असेल ते असो. रात्री अडचणीत सापडलात तर हे ध्यानात ठेवावे.

खरा रोग सापडला तो रेडिएटर कापून पाहिला तेव्हा. आतल्या नळ्यांत चुन्यासारखा पांढरा थर. आधीच्या मालकाने आणि पुढे आम्हीही त्यात बोअरिंगचे पाणी घातले होते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. चहाच्या भांड्याला जो थर बसतो तोच नळीत बसतो, आणि तो उष्णता अडवितो. म्हणून गाडीत शुद्ध केलेले पाणी आणि कुलंट योग्य प्रमाणात घालावे. कुलंटने पाणी उशिरा उकळते, गंज धरत नाही. पण कुलंटची एक दुष्ट खोड आहे. ते गोडसर लागते आणि विषारी असते. कुत्री, शेळ्या ते चाटतात. जुने कुलंट आम्ही डब्यात भरून झाकण लावून ठेवतो. ते ओढ्याकाठी ओतणाऱ्या माणसाशी आमचे पटत नाही.

दुसरा दोष याहून क्षुल्लक, म्हणून अधिक लाजिरवाणा. रेडिएटर आणि गाडीचे तोंड यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. कंपनीने बसविलेला प्लॅस्टिकचा आडोसा केव्हातरी तुटून गेला होता. वारा पाण्यासारखाच आळशी असतो. दाट जाळीतून जाण्यापेक्षा तो बाजूने निसटतो. आमच्या टर्नरने पत्रा कापून आडोसा केला, कडेला रबर लावले. पंख्यामागची गोल टोपी नीट बसविली. पंख्याचा रिले अधूनमधून दगा देत होता तो बदलला. वॉटर बॉडीचा पंखा गंजून झिजला होता, तोही नवा घातला. मोठा इंटरकूलर काढून मध्यम आकाराचा, थोडा खाली, रेडिएटरचा वरचा भाग मोकळा राहील असा लावला. आणि टर्बोचा दाब कंपनीने ठेवला होता तेवढाच पुन्हा केला.

हे शेवटचे आम्ही केवळ शहाणपणाने केले असे सांगितले तर ते खोटे होईल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे. नोंदणीतला तपशील कारखानदाराने ठरविलेल्यापेक्षा निराळा होईल असा फेरबदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरबदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. तरुण श्रोत्यांपैकी काहींचे चेहरे पडलेले दिसतात. कायदा आम्हांला जरा सरसकट वाटतो. नीट तपासून परवानगी देण्याची सोपी सोय असती तर घरच्या कारागिरीला वाव मिळाला असता, असे आमचे मत आहे. पण घाटरस्त्यावर आपल्या गाडीपुढे दुधाची मोटारसायकल असते, वळणावर शाळेची मुले असतात. त्यांनी आपल्या प्रयोगाला संमती दिलेली नाही. ज्यांना वेगच हवा त्यांच्यासाठी बंदिस्त जागा आहेत. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेच्या शर्यती झालेल्या आहेत. अभियांत्रिकीचे विद्यार्थी तर स्वतः लहान शर्यतीच्या गाड्या बांधतात आणि कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर चालवितात. त्यांच्या नियमांत एक गंमत आहे. इंजिन थंड करायला निव्वळ पाणीच वापरायचे, कुलंट नाही, कारण ते सांडले तर रस्ता निसरडा होतो.

पाण्यावरून आठवले. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबील जेटफायर नावाची टर्बो गाडी बाजारात आली. खडखड होऊ नये म्हणून तिच्या इंजिनात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरायची. युक्ती उत्तम होती. पण मालक टाकी भरायला विसरत. रिकामी टाकी म्हणजे टर्बो आवरता घेणारी गाडी, आणि तक्रारींचा ढीग. शेवटी पुष्कळांच्या गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसविण्यात आले. आम्हीही एके काळी पाण्याच्या फवाऱ्याचा विचार केला होता. नळ्या आणल्याही होत्या. मग आमच्यातले मास्तर म्हणाले, "आपल्या तालुक्यात आणखी एक पाणी पिणारे वाहन कशाला?" त्या नळ्या आता शेडमागच्या मिरचीच्या वाफ्याला लावल्या आहेत.

पुढच्या मे महिन्यात गाडी पुन्हा घाटाला लावली. वेळ मुद्दाम दुपारी दोनची. आता ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला आहे आणि कसाऱ्याजवळ जवळजवळ ८ किलोमीटरचा बोगदा झाला आहे. घाई असलेली माणसे डोंगराच्या पोटातून जातात. आम्हांला घाई नव्हती, आम्हांला चढच हवा होता. ट्रकांमागे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, वातानुकूलन बंद, एकाची नजर काट्यावर, एकाची हवेच्या तापमापकावर, तिसऱ्याची रस्त्यावर. काटा मध्याच्या थोडा पुढे गेला, पंखा लागला, काटा मागे आला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. हवा साठ-पासष्टच्या वर गेली नाही. वर इगतपुरीला दोन मिनिटे इंजिन मंद ठेवले. मग बंद केले. पाहुणे नव्हते म्हणून कोणी कुरकुरले नाही.

परतताना कसाऱ्याहून वळून पुन्हा त्या पाड्याकडे गेलो. आजी ओट्यावर बसल्या होत्या. गाडी पाहून उठल्या आणि आत जाऊ लागल्या. आम्ही म्हणालो, "आजी, बसा, पाणी नको." त्यांचा विश्वास बसेना. बॉनेट उघडून दाखविले तेव्हा त्यांनी वाकून आत पाहिले, लांबूनच हात धरून ऊब पाहिली, आणि म्हणाल्या, "मग आज कशाला आलात?"

याचे उत्तर आम्हांला तिथे नीट देता आले नाही. डिकीत दोन कॅन पाणी होते, ते त्यांच्या पिंपात ओतले. कळशी फेडायला एक कॅन पुरला असता, हे त्यांनीच मोजून सांगितले.

 गाडी मंडपाबाहेर चिंचेखाली उभी आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी अवश्य पाहावी, हवे ते विचारावे. फक्त ती आत्ताच घाटावरून आली आहे, तेव्हा रेडिएटरच्या झाकणाला अर्धा तास कोणी हात लावू नये.